‘गावात उन्हाळाभर नुसते लोळता’ म्हणणाऱ्या नागपूरकरांस

संत्रीवाला (धागाकर्ता)
कालच्या ‘नागपुरातला माझा भरगच्च आठवडा’ या पोस्टखाली लिहाले घेतलं, मावेना, म्हणून वेगळा धागा. ज्यानं वाचली नसन त्याच्यासाठी: पहाटे अंबाझरीले पळणं, वरून तर्री-पोहे, संध्याकाळी एसी जिम, मग फुटाळ्याले चक्कर. एका रात्री सावजी, एका रात्री कोण्या हॉटेलात ‘वरण-बट्टी, म्हणजे आपले रोडगे’. शनिवारी ताडोबा. करा ना बाप्पा, तुमचा पैसा, तुमचं पोट. पण शेवटी हे काऊन: ‘गावी गेलं की दिसतं, लोक उन्हाळाभर निंबाखाली लोळतात, हालचाल शून्य, मग चाळिशीत शुगर.’

कोणत्या गावी गेलते भाऊ? आमच्या वरूडकडे मे म्हणजे संत्र्याचा आंबिया बहार झाडावर. पाण्याचा ताण पडला की फळांचा सडा खाली. लाइट रात्रीची, म्हणून दोन वाजता बॅटरी घेऊन मोटर चालू कराले जा, फ्यूज गेला तर पुन्हा डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर जा. त्याच महिन्यात पऱ्हाट्या काढणं, शेणखत टाकणं, वखरणं. लोळतो ते दुपारी, ४५ डिग्रीत. तुमच्या जिमचा एसी बंद करून पाहा एकडाव, कोण टिकते ते.

धरमपेठी
पोस्ट माझीच. मीही काटोल तालुक्यातलाच आहे, त्यामुळे ‘कोणत्या गावी’ हा टोमणा राहू द्या. वखर कोण मारतं आता? ट्रॅक्टर. बैल कधीच विकले. माझे काका घरून शेतात मोटरसायकलनं जातात, धुऱ्यावर उभे राहून मजुराला हातवारे करतात, अन् येताना पानठेल्यावर तासभर. इन्सुलिन घेतात. मी चांगल्यासाठी लिहिलं तर तुम्हाला मिरच्या झोंबल्या.

संत्रीवाला
एका काकावरून अख्खं विदर्भ आजारी! तुमचे काका मालक आहेत. तो मजूर काय करत होता, तेही लिवा.

सासुरवाशीण
दोघंही ‘लोक’ म्हणता तेव्हा फक्त माणसं मोजता, बाया नाही. निंबाखाली तुमचे काका लोळत असताना काकू कुठं होत्या, पाहिलं? गच्चीवर. आमच्याकडे कुरडयांचे गहू तीन दिवस भिजतात, मग वाटून चीक काढायचा, अन् तो शिजवताना हात थांबला की गाठी. मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, लाकडी दांड्यानं घोटून पाहा, खांदा उतरतो. ऊन चढायच्या आत सगळं साच्यातून पडलं पाहिजे. वरून लगीनसराईचे पाहुणे, अन् टँकर आला की पाण्याचे गुंड-घागरी घेऊन पळापळ. त्याला कुणी व्यायाम म्हणत नाही, कारण त्याचा फोटो टाकत नाही कुणी.

धरमपेठी
ताई, हे मान्य. काकूंना शुगर नाही, हेही खरं. झालं समाधान?

अकोलेकर
बाकी तुमचं चालू द्या. ‘वरण-बट्टी, म्हणजे आपले रोडगे’ हे काय लिवलं बे? बट्टी खान्देशातली. रोडगा म्हणजे कणकेचे थरावर थर, मधे तेल, गोळा वळून गोवऱ्यांच्या आरात. भाजला की राख झटकायची, बुक्कीनं फोडायचा अन् वरून तूप. सोबत वरण अन् वांग्याची भाजी, तीही मंदिराच्या आवारात, मोठ्या गंजातली. हॉटेलवाल्यानं ओव्हनमधून काढलं अन् तुम्ही खाल्लं, तो रोडगा नाही.

धरमपेठी
चव सारखीच होती.

अकोलेकर
जिभेवर सावजीचा थर बसला असन.

बुलढाण्याचा पाहुणा
आमच्या मलकापूरकडे बट्टीच करतात, आम्ही विदर्भात नाही का? अन् पानगे विसरले सगळे. पळसाच्या पानात दाबून भाजलेले. रोडग्यापेक्षा सरस.

अकोलेकर
मलकापूर अर्धं खान्देशच आहे, जाऊ द्या.

बुलढाण्याचा पाहुणा
हे बोलणं मागे घ्या. जिल्हा काढायचं काम नाही. तुमच्या अकोल्यात नवतपात कूलरसमोरून कोणी उठत नाही, रोडगे भाजते कोण?

संत्रीवाला
धागा कशावर होता, आठवते का कोणाले?

सिंदेवाहीकर
मले आठवते. पोस्टमधी ‘शनिवारी वाघीण दिसली, पैसे वसूल’ असंही होतं. आमच्या इकडं, चंद्रपूर जिल्ह्यात, मे म्हणजे तेंदूपत्ता, बिडीचं पान. अंधारातच निघतो, चार-पाच घरची सोबतीनं, मोठ्यानं बोलत, हाका देत. वाकून पान तोडणारं माणूस वाघाले जनावरावानी दिसते. डोक्यावर भारा घेऊन परत, मग दुपारभर ७० पानांचा एक असे पुडे बांधणं, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं घेणाऱ्या केंद्रावर, मोजून देणं. २०२५ च्या मे महिन्यात आमच्या तालुक्यात पान तोडाले गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघानं मारल्या. त्याच जंगलपट्ट्यात तुमची जिप्सी फिरते. वाघ दिसू नये म्हणून आमी देवाले नारळ फोडतो, तुमी दिसावा म्हणून बुकिंग करता. लोळतो कधी, ते सांगाल तर आमीही लोळू.

धरमपेठी
दादा, तुमच्याबद्दल नव्हतंच ते. सिंदेवाहीचे लोक लोळतात असं मी म्हटलं नाही, अन् म्हणणारही नाही. ते वाक्य काटोलच्या पानठेल्यापुरतं ठेवतो. तिथं मात्र या, दाखवतो.

संत्रीवाला
वा! अख्ख्या गावाकडून एका पानठेल्यावर आले. अजून दोन प्रतिसाद थांबा, ठेलाही जाईन.

सासुरवाशीण
अन् पुढच्या मेमध्ये काकूंकडे जा. पळायचं तर पहाटे पळा, पण सातच्या आत गच्चीवर या. घोटायला माणूस लागतोच.

अकोलेकर
सिंदेवाहीच्या दादाले नमस्कार, त्यायच्यापुढे आपलं बोलणं नाही. पण मलकापूरच्या पाहुण्यानं पानगे रोडग्यापेक्षा सरस म्हटलं, ते तसंच राहून गेलं.

बुलढाण्याचा पाहुणा
राहून गेलं नाही, तुम्हाला उत्तर सुचलं नाही.