क्यूसीतून (औषधांच्या गुणवत्ता तपासणीतून) मास स्पेक्ट्रोमेट्रीत कसं जायचं?

प्रश्न: एमएस्सी ॲनालिटिकल, तळोज्याला क्यूसीत तीन वर्षं झाली. रोज तेच, मोबाइल फेज (मशीनमधून नमुना वाहून नेणारं द्रावण) बनव, एचपीएलसी (औषधातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन) लाव, सह्या कर. एलसी-एमएसच्या (असंच मशीन, पण रेणू वजनावरून ओळखणारा मास स्पेक्ट्रोमीटर जोडलेलं) इंटरव्ह्यूला गेलं की पहिला प्रश्न हँड्स-ऑन आहे का, नाही म्हटलं की विषय संपला. महागडा कोर्स लावू का?

उत्तर १: कोर्स नको रे, त्यात मशीन लांबूनच दाखवतात. आधी स्वतःच्याच कंपनीत एआरडीला (चाचणीच्या पद्धती तयार करणारा विभाग) बदली माग. मी तसाच आलो, आणि पहिल्याच आठवड्यात सवयीने फॉस्फेट बफर लावायला निघालेलो, सीनियरने हात धरला म्हणून वाचलो नाहीतर सोर्समध्ये (मास मशीनचा रेणूंना विद्युतभार देणारा भाग) मीठ साचलं असतं. इथे फॉर्मिक ॲसिड, अमोनियम फॉर्मेट असलं उडून जाणारंच चालतं.

उत्तर २: नायट्रोसामाइन (औषधात नकळत येणारी, कॅन्सरचा धोका असलेली अशुद्धी) वाच आधी. २०१८ ला वल्सार्टन या बीपीच्या औषधात एनडीएमए हे नायट्रोसामाइन सापडलं तेव्हापासून हे काम खूप वाढलंय. त्याची मर्यादा दिवसाला ९६ नॅनोग्रॅम, म्हणजे ३२० मिलिग्रॅम डोसला ०.३ पीपीएम (दहा लाखात ०.३ भाग), नेहमीच्या यूव्ही डिटेक्टरवर ते दिसतच नाही म्हणून मास लागतं. एवढा लहान रेणू ईएसआयपेक्षा एपीसीआयवर (सोर्समध्ये विद्युतभार देण्याच्या या दोन पद्धती) बरा का दिसतो हे सांगता आलं तर हँड्स-ऑनचं थोडं माफ होतं. शिवाय डीएमएफ या सॉल्व्हंटचा आयसोटोप (जरा जड अणू असलेला रेणू) वजनात एनडीएमएच्या अगदी शेजारी येतो, इतका बारीक फरक न दिसणाऱ्या लो रिझोल्युशन मशीनवर फसायला होतं.

प्रश्नकर्ता: बदलीचं विचारलं, बॉस म्हणाले ऑडिट होऊ दे मग बघू 😅

उत्तर १: ऑडिट कधीच संपत नसतं, मेलवर लिहून टाक.