चाक न्या, भट्टी नको
पाड्यांवरच्या शाळांत मुलांना मातीकाम शिकवायला कुंभाराचं चाक आणि भाजायला विजेची भट्टी, दोन्ही टेम्पोत घालून न्यायचा बेत तुम्ही मांडलाय. चाक जरूर न्या, भट्टी नको. तेवढी वीज शाळेत नसते, आणि खरी अडचण वाळवणीची आहे. जव्हारकडे श्रावणात मुलांनी मातीचे बैल केले; आठवडा झाला तरी पोटात ओल. घाईने भाजले, आतल्या पाण्याची वाफ झाली आणि फटाफट फुटले. (पोरांची तोंडं बघवत नव्हती.) पुढच्या खेपेला पोट पोकळ, जाडी करंगळीहून कमी, सावलीत वाळवण. मग पेंढ्यात बांधून गावातल्याच कुंभाराच्या आव्यात (लाकूड-गोवऱ्यांच्या भट्टीत). आवा ७००-८०० अंशांपर्यंत जातो, तेवढं पुरतं; ग्लेझचा (काचेसारख्या चकचकीत लेपाचा) नाद सोडा. कुंभारदादांचं मानधन मात्र बजेटात आधीच धरा, आम्ही विसरलो होतो.