घोडबंदर रोडचा निधी: आधी मार्गिका वाढवाव्यात की आधी चौक सुरक्षित करावेत?

वाघबीळचा रहिवासी (धागाकर्ता)

ठाण्यात माजिवड्याहून मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली असे टप्पे घेत गायमुखकडे जाणारा घोडबंदर रोड कागदोपत्री राज्य महामार्ग असला, तरी प्रत्यक्षात तो दुतर्फा दाट वस्ती असलेला शहरी रस्ता झाला आहे. जेएनपीटी बंदराकडून गुजरातला निघालेले कंटेनर, टीएमटीच्या (ठाणे महापालिकेच्या परिवहन सेवेच्या) बस, रिक्षा, दुचाकी आणि दूध-भाजीसाठी रस्ता ओलांडणारी माणसे हे सगळे येथे एकाच पट्ट्यात आहेत. दोन्ही बाजूंचे सेवा रस्ते मुख्य रस्त्यात विलीन करून मार्गिका वाढवण्याच्या कामाला अनेक गृहसंकुलांनी विरोध केला, त्यामागचे कारण केवळ पार्किंग जाण्याचे नाही. सेवा रस्ता नाहीसा झाला की संकुलाचे फाटक थेट वेगवान मार्गिकेवर उघडते, आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वाहनाला व माणसाला त्या वेगाचा सामना करावा लागतो.

माझा मुद्दा खर्चाच्या क्रमाविषयी आहे. मेट्रो 4 आणि 4अ हे रेल्वेमार्ग सुरू होतील तेव्हा डोंगरीपाडा, विजय गार्डन, कासारवडवली, गोवनीवाडा अशा स्थानकांच्या जिन्यांवरून उतरणारा प्रत्येक प्रवासी पादचारी असणार आहे. आज जो माणूस आपल्या गाडीतून थेट इमारतीच्या तळघरात जातो, तोच उद्या सायंकाळच्या गर्दीत स्थानकापासून घरापर्यंत चालेल. मेट्रोवर इतका प्रचंड खर्च करून जिन्याच्या शेवटच्या पायरीनंतर अखंड पदपथ, दिवे आणि सुरक्षित ओलांडणी नसेल, तर तो खर्च अर्धवटच राहतो. म्हणून मार्गिका वाढवण्याआधी प्रत्येक चौकाचे सुरक्षा परीक्षण करावे, दुभाजकातील अनधिकृत फटी बंद करताना जवळच अधिकृत ओलांडणी द्यावी (नुसती फट बुजवली की लोक कठड्यावरून चढून जातात), डांबर, काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक यांच्या सांध्यांतील उंचीचा फरक काढावा आणि बांधकाम क्षेत्रातील बॅरिकेडना रात्री दिसतील अशा परावर्तक पट्ट्या लावाव्यात. दुचाकीस्वार त्या सांध्यावर घसरतो आणि मागून येणाऱ्या अवजड वाहनाखाली सापडतो. हा अपघाताचा प्रकार या रस्त्यावर कोणालाही नवा नाही, आणि तो रोखण्यासाठी उड्डाणपूल लागत नाही.

यासाठी या संपूर्ण मार्गाच्या सुरक्षा निधीचे एकच स्वतंत्र खाते असावे आणि रस्त्यावरील प्रत्येक कंत्राटाच्या रकमेचा ठरावीक भाग त्यात सक्तीने जमा व्हावा, असे माझे मत आहे.

मालवाहतूकदार

मी आपल्याशी सहमत नाही. सेवा रस्त्यांची आजची अवस्था पाहता त्यांना सुरक्षित मार्ग म्हणणे धाडसाचे आहे. उभ्या गाड्या, गॅरेज, हातगाड्या आणि उलट दिशेने येणाऱ्या दुचाकी यांनी ते इतके भरलेले असतात की स्थानिक वाहनेसुद्धा मुख्य रस्ताच वापरतात. अवजड वाहनांना दिवसा ठरावीक वेळांत बंदी घातली जाते, तेव्हा आमच्या गाड्या शहराच्या वेशीवर थांबतात आणि बंदी उठताच एकाच वेळी रस्त्यावर येतात. थकलेला चालक, वेळेचे दडपण आणि अरुंद मार्गिका यांतून अपघात होणार नाही तर काय होईल? रुंदीकरणाने ही कोंडी फुटेल. शिवाय मेट्रोचे काम पूर्ण होण्याआधी पदपथ आणि दिवे बसवले, तर तेच पुन्हा खणले जातील, आणि करदात्याचा पैसा दोनदा जाईल.

कासारवडवलीतील गृहिणी

दोनदा खर्च होईल म्हणून माणसांनी तोपर्यंत अंधारात चालावे, हा युक्तिवाद मला मान्य नाही. तात्पुरता पदपथ, तात्पुरते दिवे आणि बॅरिकेडची नीट मांडणी ही बांधकामाच्या काळातच लागते, आणि तिचा खर्च मूळ कंत्राटाचा भाग असायला हवा. भारतीय रस्ते काँग्रेसची बांधकाम क्षेत्रातील सुरक्षेसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे आहेत. माझ्या सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास आहे. जिथे उद्वाहन (लिफ्ट) नाही तिथे पादचारी पुलाचा त्यांना काडीचाही उपयोग नाही, आणि त्यांच्यासारख्या अनेक जणी वाहनांच्या मधूनच रस्ता ओलांडतात.

निवृत्त रस्ते अभियंता

दोन्ही बाजूंनी निधीची चर्चा होत आहे. माझ्या मते खरी अडचण अधिकाराची आहे. मुख्य रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा, सेवा रस्ते महापालिकेचे, मेट्रोची कामे एमएमआरडीएची (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची) आणि वाहतूक नियमन पोलिसांचे. एखाद्या चौकात सिग्नलचा खांब दोन मीटर हलवायचा असेल, तरी पत्रव्यवहार या सर्व कार्यालयांतून फिरतो. अशा स्थितीत स्वतंत्र खाते उघडले, तरी त्यावर सही कोणाची हे ठरत नाही तोवर पैसा पडून राहील. आधी एकच यंत्रणा नेमावी, मग खाते.

मात्र मार्गिका वाढवण्याविषयीचा मालवाहतूकदारांचा आशावाद मला तांत्रिकदृष्ट्या पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार सरासरी वेग 1 टक्क्याने वाढला, तर प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे 4 टक्क्यांनी वाढतो. सायंकाळी वाहने अडकलेलीच राहतील, पण रात्री अकरानंतर तोच रुंद, मोकळा रस्ता वेगाला आमंत्रण देईल. सेवा रस्त्याखालील जलवाहिन्या, गटारे आणि केबल यांचे काय, हाही प्रश्न आहेच. त्या तिथेच राहिल्या, तर प्रत्येक दुरुस्तीसाठी मुख्य मार्गिका खणावी लागेल.

वाघबीळचा रहिवासी (धागाकर्ता)

यंत्रणा एकच असावी हे मान्य, परंतु ती नेमली जाईपर्यंत थांबण्याची तयारी माझी नाही. अनेक यंत्रणांनी मिळून काम केल्याचे उदाहरण आपल्या जवळच आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2016 साली 151 जणांचा मृत्यू झाला होता. एमएसआरडीसी (राज्य रस्ते विकास महामंडळ), महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन ही स्वयंसेवी संस्था यांच्या शून्य-मृत्यू उपक्रमात धोकादायक जागा हेरून रस्त्याची रचना, पोलिसांची कारवाई आणि आपत्कालीन मदत या तिन्ही आघाड्यांवर काम झाले, आणि 2020 साली ही संख्या 66 वर आली.

मालवाहतूकदार

हे उदाहरण येथे तंतोतंत लागू होत नाही. 2020 हे टाळेबंदीचे वर्ष होते, त्यामुळे त्या आकड्यातील किती घट उपक्रमाची आणि किती रिकाम्या रस्त्याची, हे वेगळे करून पाहावे लागेल. शिवाय तो प्रवेशनियंत्रित मार्ग आहे. तेथे दर काही शे मीटरवर संकुलाचे फाटक नाही. घोडबंदरला तुलना करायचीच तर ती वस्तीतून जाणाऱ्या रस्त्याशी करावी.

मार्गिका वाढवल्या तर रात्री वेग वाढेल, हे अभियंता साहेबांचे म्हणणे मी मान्य करतो. त्यासाठी वेगमापक कॅमेरे बसवावेत, आमचा त्याला विरोध नाही. पण चालकाला थांबण्यासाठी शौचालय, पाणी आणि विश्रांतीची जागा असलेला ट्रक थांबा देण्याची तरतूद आपल्या सुरक्षा खात्यात दिसत नाही. या रस्त्यावरून माल नेणारा माणूस सुरक्षेच्या हिशेबात फक्त धोका म्हणून मोजला जातो, याचे मला दुःख आहे.

निवृत्त रस्ते अभियंता

आपली ट्रक थांब्याची मागणी रास्त आहे, आणि थकव्याचा विचार ज्या आराखड्यात नाही तो मी अपूर्णच मानेन. निधीबाबत एक गोष्ट लक्षात घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली रस्ता सुरक्षेविषयी दिलेल्या निर्देशांत राज्यांनी रस्ता सुरक्षा निधी उभारावा आणि दंडाच्या रकमेचा काही भाग त्यात वळवावा, असे म्हटले आहे. त्यामुळे महापालिकेच्या तिजोरीत खडखडाट आहे एवढ्यावर विषय संपत नाही. या रस्त्यावर वसूल होणाऱ्या दंडातील वाटा याच रस्त्यावर परत यावा, अशी मागणी राज्याकडे करता येते.

कासारवडवलीतील गृहिणी

आणि न केल्याचाही खर्च आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना 6 लाख रुपये, आणि जखमींना 50 हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. गेलेले माणूस या रकमेने परत येत नाही. पण चेंबरची झाकणे रस्त्याच्या पातळीत आणण्याचा खर्च परवडत नाही, असे यापुढे कोणत्याही कार्यालयाने सांगू नये.

वाघबीळचा रहिवासी (धागाकर्ता)

ट्रक थांब्याचा मुद्दा मी माझ्या मागणीत समाविष्ट करतो. सेवा रस्त्यांबाबत मात्र आपला मतभेद कायम आहे. ते अतिक्रमणाने भरले असतील, तर अतिक्रमण हटवावे. रस्ताच हटवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. ज्या ठिकाणी विलीनीकरणाचे काम झाले असेल, तेथे निदान संकुलांच्या फाटकांसमोर वेग कमी करणारी रचना आणि सलग पदपथ पूर्ण झाल्याशिवाय कंत्राटदाराचे अंतिम देयक अदा करू नये, अशी लेखी मागणी आम्ही महापालिका आणि एमएमआरडीए या दोघांकडे करणार आहोत. मालवाहतूकदारांनी ट्रक थांब्यासाठीची जागा सुचवली, तर तीही त्याच पत्रात घेऊ.

मालवाहतूकदार

जागा सुचवतो. विलीनीकरणाच्या विरोधावर मात्र माझी सही नसेल.