टाकी रिकामी न करता मागे बॅकग्राउंड

दोन वर्षं चाललेल्या माशांच्या तीन फुटी टाकीला आता बॅकग्राउंड, म्हणजे मागच्या काचेला बाहेरून काळी किंवा चित्राची शीट, लावायचंय, त्यासाठी ती रिकामी करावी का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात नको. आणि भरलेली टाकी पुढे ओढायचा मोह तर टाळाच. तीन बाय एक बाय दीड फूट म्हणजे सव्वाशे लिटरच्या वर पाणी, तेवढेच किलो वजन, शिवाय वाळू-दगड वेगळे. सांधा उकलला की फरशी धुवायला आयतंच पाणी!

भिंत आणि काच यांत हात जाईल एवढी फट असेल, तर काम सोपं आहे. आधी काचेवरचे क्षारांचे पांढरे ओघळ व्हिनेगरच्या फडक्याने पुसा. ते राहिले तर नंतर सगळे उठून दिसतात. शीट पीव्हीसी पाइपवर गुंडाळून वरून सोडा, वरच्या कडेला टेप लावा. नुसती टेप मारली की मध्ये हवा राहते आणि समोरून चंदेरी डाग दिसतात, माझ्याकडे दिसलेच. मेडिकलमधून ग्लिसरीन आणलं, काचेवर पातळ थर दिला, जुन्या एटीएम कार्डाने बुडबुडे कडेला ढकलले. पाणी लावलं असतं तर वाळून पुन्हा तेच.

फट बोटभरच असेल तर साधा काळा कार्डपेपर सरकवा. काळ्यावर निऑन टेट्रा मासे काय दिसतात! समुद्रतळाची छापील चित्रं मला तरी बटबटीत वाटतात.

आतून चिकटवायचं थर्मोकोलचं बॅकग्राउंड मात्र चालू टाकीत नकोच. ते ज्याने चिकटवतात त्या सिलिकॉनला कोरडी काच लागते.