विषय: रविवारी कुणाला तरी सोबत घेऊन या

प्रेषक: एक सभासद, स्टॉकपोर्ट

मंडळींनो, सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुख्यतः इथल्या आपल्या मराठी मंडळातल्या ख्रिस्ती घरांसाठी आहे. नगर, पुणे, वसई, मुंबई, जिथून कुठून आपण इथे आलो त्या सगळ्यांसाठी. बाकीच्यांनीही वाचावे, कारण यात तुमचाही संबंध आहे.

गणपतीत आम्हाला किती घरांतून बोलावणे येते! बोलावताना कुणी कचरत नाही आणि पंगतीला बसताना आम्हीही कचरत नाही. मग आपल्या देवळातला सण आला की आपलीच जीभ का अडखळते? नाताळात करंज्या आणि केकची ताटे घरोघर पोचतात, पण "सकाळी उपासनेला येता का?" हे एवढेसे वाक्य तोंडातून निघत नाही. समोरच्याला धर्मांतराचा वास येईल, ही ती भीती. ती मला कळते, पण तिच्यापायी आपल्या आयुष्यातली सगळ्यात मोलाची जागा आपण जिवलगांपासून लपवून ठेवतो, याचे मला फार वाईट वाटते.

हा संकोच इथल्या इंग्लिश मंडळ्यांनाही होता. म्हणून २००४ साली इथेच, मँचेस्टर डायोसिसमध्ये (धर्मप्रांतात), 'बॅक टू चर्च संडे' सुरू झाला. वर्षातला एक रविवार ठरवायचा आणि चर्चला येणाऱ्या साध्या माणसाने ओळखीच्या एकाला स्वतः विचारायचे, विशेषतः पूर्वी येत असलेल्या आणि आता सुटलेल्या माणसाला. कल्पना इतकीच, पण पुढे ती देशभर आणि देशाबाहेरही गेली.

योहानाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय पुन्हा वाचा. अंद्रिया आधी सख्ख्या भावाला गाठतो. फिलिप्प नथनेलाकडे जातो. नासरेथातून काही चांगले निघेल का, असे नथनेल विचारतो, तेव्हा फिलिप्प वाद घालत बसत नाही. येऊन पाहा, म्हणतो. दोघेही येशूला नुकतेच भेटलेले होते, शास्त्री-पंडित नव्हते. तेव्हा "मला कुठे एवढे शास्त्र येते?" ही सबब आपल्याला चालणार नाही.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी आमच्या चर्चमध्ये हार्वेस्टची, म्हणजे सुगीबद्दल देवाचे आभार मानण्याची, उपासना आहे. प्रत्येकाने एकाला विचारा.

आपली,
स्टॉकपोर्टची ताई

———

प्रेषक: एक सभासद, ओल्डहॅम

ताई, नमस्कार.

मी हिंदू आहे, पुण्याचा आहे आणि तुमचे पत्र मला आवडले. तरीही मनातले स्पष्ट लिहितो. आमच्याकडे १८९० चा, पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधला चहा अजून सांगितला जातो. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासारखी मंडळी मिशनमध्ये व्याख्यानाला गेली, पुढ्यात चहा आला आणि त्यावरून पुण्यात ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. आज चहाला कुणी भीत नाही. पण बोलावण्यामागे काही हेतू असेल का, हा प्रश्न पुष्कळांच्या मनात येतो, आणि तो विचारणाऱ्याला संकुचित समजू नये.

दुसरे, आम्हाला तिथले काही कळत नाही. कधी उठायचे, कधी बसायचे? भाकर आणि द्राक्षारस देतात तेव्हा काय करायचे? नको म्हटले तर अपमान होतो का? चुकून घेतले तर पाप लागते का? हे आधी कुणी सांगितले तर मी आणि सौ. नक्की येऊ.

———

प्रेषक: एक सभासद, सॅलफर्ड

ताई, आम्ही वसईचे, कॅथलिक. मित्रांना बोलावणे मला जमेल असे वाटते. माझी अडचण घरातली आहे. मुलगा युनिव्हर्सिटीत गेल्यापासून मिस्साला (रविवारच्या उपासनेला) येत नाही. मी दर रविवारी फोनवर विचारतो, तो "बघतो" म्हणतो. धाकट्या भावाचेही तेच. परक्याला गोड बोलता येते, घरच्यांशी बोलताना आवाज चढतो. काय करावे?

———

प्रेषक: स्टॉकपोर्टची ताई

ओल्डहॅमचे काका, तुमचा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे सरळ उत्तर देते. माझा ख्रिस्तावर विश्वास आहे आणि तो तुम्हालाही भेटावा असे मला मनापासून वाटते. हे मी लपवणार नाही. पण येण्याच्या बदल्यात तुमच्याकडून काही घ्यायचे नाही. तुम्ही एकदा येऊन परत कधी आला नाहीत तरी आपल्या येण्याजाण्यात फरक पडणार नाही. एवढी खात्री देता येत नसेल तर कुणी कुणाला बोलावूच नये, असे माझे मत आहे.

आता बाकीचे. आमच्या नगरकडे खेड्यातल्या देवळात सतरंजीवर बसतो, चपला बाहेर असतात; इथे बूट घालूनच बाकावर बसायचे. शेजारी उठले की उठा, बसून राहिलात तरी चालते. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस देतात त्या, वेळी जागेवर बसून राहावे, त्यात कुणाचाच अपमान नाही. अँग्लिकन चर्चमध्ये हात छातीवर दुमडून पुढे गेलात तर पाळक फक्त आशीर्वाद देतात. दानाची थैली फिरते. पाहुण्याने पुढे सरकवावी.

सॅलफर्डचे दादा, तुम्ही दर रविवारी विचारता ती हजेरी झाली. एकदा त्याला बोलवा. "तुझ्या आईच्या आवडीचे गीत आहे, नंतर एकत्र जेवू, येशील?" आणि नाही म्हणाला तर जेवायला तरी या म्हणा, आवाज न चढवता. मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांना आगगाडीत भेटलेल्या एका परक्या गोऱ्या माणसाने नवा करार वाचायला दिला. त्याचे नावही टिळकांना पुढे कळले नाही. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पण त्यांच्याच घरात, पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा व्हायला १९०० साल उजाडले. मधली काही वर्षे ताटातूट, लोकांचे बोलणे, दोघांचेही हाल. टिळकांसारख्या वक्त्याच्या शब्दांनी ते झाले नाही. लक्ष्मीबाई आपल्या पावलांनी, आपल्या वेळेला आल्या. पेरणे आणि पाणी घालणे आपल्याकडे, वाढवणारा देव आहे, असे पौलाने करिंथकरांना लिहिलेच आहे. मुलासाठी प्रार्थना करत राहा, मीही करते.

उपासना साडेदहाला आहे. हार्वेस्टला फूड बँकेसाठी, म्हणजे गरजूंना अन्न देणाऱ्या संस्थेसाठी, डबाबंद धान्य, डाळी, टोमॅटो असे काही आणतात. आणले तर छान, नाही तरी या. काका, गाडीत दोन जागा आहेत. ओल्डहॅमहून तुम्हाला घ्यायला साडेनऊला येऊ का? शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा.