कडाक्याच्या थंडीत कोंबड्यांचे पाणी गोठू नये म्हणून काय करावे?

प्रश्न (डुलुथ, मिनेसोटा)

सर्वांना नमस्कार. यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही प्रथमच सहा कोंबड्या पाळल्या असून हा त्यांचा पहिलाच हिवाळा आहे. माझे बालपण सांगली जिल्ह्यात गेले. तेथे आजी कोंबड्यांना रात्री डालग्याखाली झाकत असे आणि सकाळी जुन्या परातीत पाणी ओतत असे, त्यामुळे पाणी गोठण्याचा अनुभव मला मुळीच नाही. येथे मात्र रात्री पारा उणे २५ अंश सेल्सिअसखाली उतरला आणि प्लास्टिकचा ड्रिंकर तळापासून तडकला. सकाळी खुराडे उघडले तेव्हा एक कोंबडी बर्फावर चोच आपटत होती आणि तिच्या चोचीला बर्फाचा चुरा चिकटला होता. तो आवाज अजून कानातून जात नाही. किटलीतले गरम पाणी ओतले तरी दोन तासांत त्यावर साय धरावी तसा बर्फ धरतो. मिठाच्या पाण्याची बाटली भांड्यात तरंगत ठेवावी किंवा खुराड्यात हीट लॅम्प लावावा, असे सल्ले मिळाले आहेत. ते कितपत योग्य आहेत?

उत्तर (अल्बर्टा, कॅनडा)

ताई, मिठाच्या बाटलीचा नाद प्रथम सोडून द्यावा. मिठामुळे बाटलीतले पाणी गोठत नाही हे खरे, परंतु ते भोवतालच्या पाण्याइतकेच थंड होते आणि त्या पाण्याला ऊब देऊ शकत नाही. शिवाय बाटली गळली तर खारट पाणी कोंबड्यांच्या पोटात जाते आणि जास्त मीठ त्यांना घातक असते.

आपल्या खुराड्यापर्यंत वीज असेल, तर पत्र्याचा दुहेरी भिंतीचा ड्रिंकर आणि त्याखाली ठेवायची थर्मोस्टॅटची तापती बैठक हा मला सर्वांत भरवशाचा मार्ग वाटतो. ती साधारण १२५ वॅटची असते आणि पाणी गोठणबिंदूजवळ आले की आपोआप सुरू होते. आपल्याकडच्या जानेवारीत ती जवळजवळ अखंड चालेल, म्हणजे दिवसाला तीन युनिट धरून चालावे. मात्र काही बैठकी उणे १२ अंशांपुढे अपुऱ्या पडतात, त्यामुळे विकत घेताना ही मर्यादा आवर्जून पाहावी आणि ड्रिंकर वारा लागणार नाही अशा आडोशाला ठेवावा. प्लास्टिकचे भांडे अशा बैठकीवर ठेवू नये. पाण्यात व्हिनेगर घालण्याची सवय असल्यास तीही बंद करावी, कारण आम्लाने पत्र्यावरचा जस्ताचा थर झिजतो.

उत्तर (व्हरमाँट)

आमच्या खुराड्यात वीज नाही, तरीही सहा हिवाळे सुखरूप पार पडले. काळ्या जाड रबराची दोन पसरट घमेली घ्यावीत. एक खुराड्याजवळ ठेवावे आणि दुसरे घरात ऊबेला ठेवून आलटून पालटून वापरावे. रबर लवचीक असल्याने गोठलेले घमेले पालथे घालून पायाने दाबले की बर्फाची अख्खी चकती सुटून पडते आणि भांडे तडकत नाही.

कोंबड्या अंधारात पाणी पीत नाहीत, त्यामुळे रात्रभर पाणी वितळलेले ठेवण्याची धडपड करू नये. पहाटे दार उघडताच आणि संध्याकाळी त्या दांडीवर चढण्याआधी ताजे पाणी मिळणे सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि अशा थंडीत दुपारी एकदोन फेऱ्या कराव्याच लागतात. एक कोंबडी दिवसाला सुमारे पाव लिटर पाणी पिते, म्हणजे सहा जणींना दीड लिटर पुरते. अंड्याचा जवळपास पाऊण भाग पाणीच असल्यामुळे काही तास तहान राहिली तरी अंडी घटतात.

पाणी शक्यतो झोपण्याच्या जागेत ठेवू नये. सांडलेल्या पाण्याने भुसा ओला होतो, हवा दमट होते आणि त्या दमट हवेत तुऱ्याला हिमदंश होतो. तुरा काळा पडू लागला की पुष्कळ जण खुराडे आणखी घट्ट बंद करतात, ही मोठी चूक आहे. दांडीच्या बऱ्याच वर, छपराजवळ हवा बाहेर जाण्याची फट उघडीच ठेवावी.

उत्तर (ओंटारियो, कॅनडा)

मी विजेची कामे करतो, म्हणून हीट लॅम्पविषयी कळकळीने सांगतो की तो लावू नये. २५० वॅटचा तो दिवा कोंबडीच्या पंखाच्या फटक्याने खाली पडला तर कोरडा भुसा क्षणात पेटतो. अंगावर पुरेशी पिसे असलेल्या मोठ्या कोंबडीला कोरड्या, वारा न लागणाऱ्या जागेत त्याची गरजही नसते. पाण्याच्या बैठकीसाठी बाहेर वापरायचीच जाड केबल घ्यावी, ती जीएफसीआय सॉकेटला (विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या सॉकेटला) जोडावी आणि जोड भुशापासून व बर्फापासून वर टांगावा. सॉकेटजवळ केबलला खाली झुकणारा झोल दिला की तिच्यावरून ओघळणारे पाणी तेथेच ठिबकते आणि सॉकेटमध्ये शिरत नाही.

प्रश्नकर्तीचे पुन्हा (डुलुथ)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. बैठक मागवली आहे आणि ती येईपर्यंत रबराची दोन घमेली सुरू केली आहेत. एक शंका उरते. ज्या कोंबडीचा तुरा मोठा आहे, तिचे चोचीखालचे लाल लोंबते पडदे घमेल्यात बुडून ओले होतात.

उत्तर (व्हरमाँट)

घमेल्यावर मधोमध एक फळी टाकून फक्त कडेला चोच जाईल एवढी जागा मोकळी ठेवावी, आणि संध्याकाळी तिला दांडीवर बसवण्यापूर्वी ते पडदे कोरड्या फडक्याने अलगद टिपून घ्यावेत. चोळू मात्र नयेत.