इंग्रजीत ‘अहो’ कुठे असतं?

माझे साहेब लंडनचे, वयाने बाबांएवढे. बाणेरच्या आमच्या ऑफिसातले सगळे त्यांना नुसत्या नावाने हाक मारतात. माझी जीभ रेटत नाही. काल त्यांना लिहिलं, ‘प्लीज सेंड द फाइल टुडे.’ शेजारची म्हणाली, हुकूम सोडल्यासारखं वाटतंय. ‘प्लीज’ घातलं होतं तरी? इंग्रजीत अहो-जाहो करायची सोयच नाही का?

▪ सोय आहे, पण सर्वनामात नाही. पूर्वी तिथेही होती. ‘दाउ’ म्हणजे तू. ‘यू’ मूळचं अनेकवचन, पुढे मानाचंही झालं, थेट आपल्या ‘तुम्ही’सारखं. सतराव्या शतकात प्रमाण बोलीतून ‘दाउ’ मागे पडलं. म्हणजे गेलं ते ‘तू’, राहिलं ते ‘तुम्ही’. इंग्रजीत सगळ्यांना अरे-तुरे करतात, हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, ते बरोबर उलटं आहे.

आता मान क्रियापदातून दाखवतात. ‘कॅन यू’च्या जागी ‘कुड यू’, ‘आय वाँट’च्या जागी ‘आय वॉज वंडरिंग’. भूतकाळी रूप आलं की मागणी पाऊलभर मागे सरते, समोरच्याला नाही म्हणायला जागा मिळते. आणि हे आपल्याला मुळीच परकं नाही! बँकेत आपण ‘पासबुक भरून हवं होतं’ म्हणतो. हवं असतं आत्ताच. ‘जरा विचारायचं होतं’ हेही तसंच. दोन भाषांना एकच युक्ती सुचावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

‘प्लीज’ने आज्ञा मऊ होते, पण आज्ञाच राहते, ‘कृपया रांगेत उभे राहा’सारखी. तुमचं वाक्य ‘कुड यू सेंड द फाइल टुडे, प्लीज?’ असं करा.

▪ मग ‘सर’ म्हटलं तर? नावाला जोडून?

▪ ‘जोशी सर’ ही आपली रीत. इंग्रजीत आडनावाआधी ‘मिस्टर’ लागतं. ‘सर’ हा किताब असेल तर तो पहिल्या नावाला लागतो. ज्यांच्या नावाने पुण्यात १९१७ साली प्राच्यविद्या संस्था उभी राहिली, ते भांडारकर इंग्रजीत ‘सर रामकृष्ण’. ‘सर भांडारकर’ नव्हे. तुमच्या साहेबांनी स्वतः नावाने बोलवा म्हटलं असेल, तर तसंच बोलवा. ‘काका म्हण’ सांगणाऱ्याला आपण साहेब म्हणत राहिलो, तर त्यालाही परकंच वाटतं.

▪ आज ‘आय वॉज वंडरिंग’ने सुरुवात केली. मनात आधी ‘विचारायचं होतं’ म्हटलं, मग पुढचं सुचत गेलं. नावाचं मात्र अजून जमलेलं नाही.